चित्रमालिकेला कात्री लावताना



१९९३ साली मी कन्नडला शाळेत शिकत होतो. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका हिंदीतून सुरू झाली. आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीचा संच एकच, तोही काळा-पांढरा. ज्यांचा संच त्यांच्या ओसरीवर आम्ही पंचवीस-तीस पोरे दाटीवाटीने बसत असू. एकजण छपरावर चढून अँटेना फिरवी आणि खालून आम्ही “आलं, आलं, गेलं!” असा पुकारा करीत असू. गुलजारांचे शीर्षकगीत विशाल भारद्वाजांच्या चालीसकट सगळ्यांना तोंडपाठ होते. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान गुरगुरू लागला की लहान पोरे हळूच मोठ्यांच्या पाठीमागे सरकत.

आणि नेमकी वीज जाई. कधी पाच मिनिटे जाई, कधी अख्खा भाग जाई. गेलेला भाग पुन्हा पाहायची सोय तेव्हा नव्हती. पुढे मोठेपणी ती मालिका मी सबंध पाहिली, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. विजेने माझे जे जे भाग गिळले होते त्यांतले निम्मेअधिक गिळले गेल्याचे मला कधी कळलेच नव्हते. गोष्ट माझ्या मनात सलग होती. एक भाग मात्र मला कित्येक वर्षे सलत राहिला होता. एका रविवारी मोगली रिकाम्या हातांनी हिंडत होता, आणि पुढच्या खेपेला वीज टिकली तेव्हा त्याच्या हातात ते वाकडे लाकडी हत्यार होते. फेकले की भिरभिरत परत येणारे बूमरँग. ते आले कोठून? कोणी दिले? आम्ही पोरांनी आठवडाभर तर्क लढविले. एक म्हणे बगीराने दिले, दुसरा म्हणे झाडावरून पडले, आणि यावरून दोघांची मारामारीही झाली.

म्हणजे माझी पहिली संकलक ही वीज. तिला काही समजत नव्हते, तिची वेळ झाली की ती जाई. पण कोणता तुकडा गेलेला कळत नाही आणि कोणता गेला की सलतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात तिनेच घातला. आज या लेखात मी तुम्हांला त्याच प्रश्नाविषयी सांगणार आहे, कारण तीस वर्षांनी तीच मालिका कापायला बसण्याची पाळी माझ्यावर आली.

आधी हे कापणे म्हणजे काय ते पाहू. चित्रपट तयार होत असताना चित्रित झालेल्या तुकड्यांतले हवे ते ठेवून नको ते काढणारा जो असतो त्याला संकलक म्हणतात. ते त्याचे धंद्याचे काम. अलीकडे संगणक घरोघर आल्यापासून दुसराही एक प्रकार सुरू झाला आहे. तयार झालेली, लोकांनी पाहिलेली मालिका एखादा शौकीन माणूस घेतो आणि स्वतःच्या हौसेने ती कापून आटोपशीर करतो. जपानात १९८९ ते १९९६ या काळात ‘ड्रॅगन बॉल झी’ नावाची मालिका २९१ भाग चालली. आपल्याकडच्या शहरांतल्या मुलांनाही ती ठाऊक आहे. २००९ साली खुद्द तिच्या निर्मात्यांनीच मधली भर काढून ‘काई’ या नावाने तिची आटोपशीर आवृत्ती काढली. त्याच देशाची ‘वन पीस’ नावाची मालिका १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिने हजार भाग ओलांडले. ती कापून सुटसुटीत करण्याचे काम तर जगभरचे शौकीन लोक, एक पैसा न घेता, वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

या मालिका इतक्या लांबतात का, असे तुम्ही विचाराल. कारण अगदी आपल्या ओळखीचे आहे. पंगत वाढायला उशीर आहे असा निरोप मंडपातून आला की कीर्तनकारबुवा काय करतात? आख्यान थांबवीत नाहीत. एक दृष्टांत जास्त घेतात, एक अभंग आळवून म्हणतात, टाळकऱ्यांना चार आवर्तने जास्त देतात. या जपानी मालिका बहुधा साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या चित्रकथांवरून काढलेल्या असतात. चित्रकथा लिहिणारा आठवड्याला थोडी पाने काढतो. मालिका त्याच्यापुढे धावली तर उद्या दाखवायचे काय? म्हणून मालिका रेंगाळते.

‘जंगल बुक’ची कथा थोडी निराळी आहे. तिचे मूळ पुस्तक इंग्रजी, रडयार्ड किपलिंगचे. पहिला भाग १८९४ सालचा, दुसरा १८९५ चा. त्या दोन्ही पुस्तकांत मिळून मोगलीच्या गोष्टी किती? अवघ्या आठ. या आठ गोष्टींवर जपानी मंडळींनी १९८९-९० मध्ये बावन्न भाग उभे केले. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून भाग बावन्न. हिशेब असा सरळ होता. एकेक भाग वीस-पंचवीस मिनिटांचा धरला तर सगळे मिळून वीस तासांच्या आसपास होतात. आणि ही गोष्ट घडते कोठे? किपलिंगने लिहिले आहे, सिवनीच्या डोंगरात, वैनगंगेच्या काठी. तीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे येते. म्हणजे आमच्या विदर्भाच्या उशालगतचा हा मोगली इंग्रजीत गेला, तिथून जपानला गेला आणि हिंदी बोलत आमच्या गल्लीत परत आला!

आता माझ्यावर पाळी कशी आली ते सांगतो. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलाच्या अंगाला, एका वस्तीवरच्या शाळेत माझे एक स्नेही गुरुजी आहेत. त्यांच्या वर्गात एकतीस मुले. त्यांतल्या निम्म्यांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आजीजवळ राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक मोठा संच होता आणि माझ्याकडे त्या मालिकेच्या विकत घेतलेल्या तबकड्या होत्या. गुरुजी एक दिवस म्हणाले, “सर, शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर सव्वा तास मी पोरांना बसवून घेतो. पण टोळ्या हलायच्या आत गोष्ट पुरी झाली पाहिजे. अर्धी गोष्ट ऐकून पोरगं फडावर जाऊ नये.”

दिवाळीपूर्वी हाती शनिवार चार. म्हणजे पाच तास. वीस तासांचे पाच तास करायचे होते.

तुम्हांपैकी पुष्कळजण शिक्षक आहात, म्हणून हिशेब मांडून दाखवितो. पहिली कापणी फुकटची असते. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला शीर्षकगीत, शेवटी नामावळी आणि दुसरे गीत, मध्ये गेल्या भागाची उजळणी आणि पुढच्याची झलक. भागागणिक तीन-चार मिनिटे धरा. बावन्न भागांचे तीन तास असे सहज निघाले. एवढे मात्र सांगतो, शीर्षकगीत समूळ काढायला पोरांनी मज्जाव केला. दर शनिवारी एकदा ते लागलेच पाहिजे, नाहीतर बसणार नाही म्हणाली. ते ठेवले.

दुसरी कापणी समजायला चित्रे हलतात कशी ते थोडे पाहावे लागेल. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपट केला होता. आगकाडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायची. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे धावतात आणि काड्या नाचू लागतात. हाताने काढलेल्या चित्रांचे तेच. पण सेकंदाला चोवीस चित्रे काढायची तर केवढे मनुष्यबळ लागेल! १९६३ साली जपानात ओसामु तेझुका यांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा त्यांनी काटकसरीची वाट रूढ केली. एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवायचे, बोलताना नुसते ओठ हलवायचे, धावण्याची चित्रे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची, स्थिर देखाव्यावरून कॅमेरा सावकाश सरकवायचा. म्हणून अशा मालिकेत धावणे फार असते, आणि तेच ते असते. पाठीमागची झाडेसुद्धा फिरून फिरून तीच येतात. अशी धाव अर्ध्यावर आणली तर कोणाला पत्ता लागत नाही. यातून बरेच निघाले, पण पाच तासांच्या जवळपासही आम्ही आलो नाही.

इथून पुढे खरी अडचण सुरू होते, कारण आता गोष्टच कापायची असते.

इथे एक भेद ध्यानात घ्या. ‘छोटा भीम’ २००८ पासून मुले पाहतात, ‘मोटू पतलू’ २०१२ पासून. त्यांत प्रत्येक कथा आपल्या जागी पुरी होते. भीमने आज लाडू खाऊन कोणाला लोळविले याचा उद्याच्या भागाशी संबंध नसतो. तिथे कात्रीचे काम नाही, निवडीचे आहे. चांगले दहा भाग निवडा आणि दाखवा. मोगलीचे तसे नाही. तो लहानाचा मोठा होतो. जे पहिल्या दहा भागांत पेरले ते चाळिसाव्यात उगवते.

म्हणून मी वाण्याच्या उधारीच्या वहीची युक्ती केली. प्रत्येक भागासाठी एक चिठ्ठी घेतली आणि तीवर तीनच गोष्टी लिहिल्या: या भागात नवे कोण आले, नवी वस्तू कोणती आली, आणि कोणी कोणाला काय वचन दिले. या झाल्या उधाऱ्या. मग पुढच्या चिठ्ठ्या चाळून पाहिले की कोणती उधारी कोठे वसूल होते. आमच्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बावन्न चिठ्ठ्या पसरलेल्या, आणि मी व गुरुजी त्यांच्यामधून रांगत होतो. घरच्या मंडळींनी दोन दिवस त्या खोलीला केरसुणी लावू दिली नाही म्हणून माझ्याशी अबोला धरला.

या वहीवरून निवाडे सोपे झाले. बूमरँग हाती येण्याचा प्रसंग पाहायला गेले तर शेरखानच्या झुंजीपुढे किरकोळ. पण तो कापला की पुढच्या प्रत्येक झुंजीत पोरे विचारणार, हे आले कोठून. मी कन्नडच्या ओसरीवर विचारले होते तसेच. तो राहिला. आगीला, म्हणजे किपलिंगच्या ‘लाल फुला’ला, जनावरे भितात हे प्रथम कळते तो प्रसंग राहिला. उलट काही भाग असे होते की एक नवा प्राणी येतो, संकटात सापडतो, मोगली त्याला सोडवितो, आणि तो प्राणी जातो तो पुन्हा दिसत नाही. उधारीही तिथेच, वसुलीही तिथेच. असे भाग चांगले असले तरी निघतात. त्यांतले दोन-तीन मला स्वतःला फार आवडत होते. काढताना जिवावर आले, पण काढले.

वाद झाला तो कीचीवरून. कीची म्हणजे मालिकेतला छोटा लाल पांडा, मोगलीच्या मागे मागे असणारा. किपलिंगच्या पुस्तकात तो नाही. त्याच शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, “लाल पांडा पूर्व हिमालयातला प्राणी. वैनगंगेच्या काठी तो येईल कसा? पोरं चुकीचं शिकतील.” मुद्दा बिनतोड होता. मला स्वतःला एवढ्या कारणासाठी कात्री चालविणे पटत नाही. चुकीचे वाटेल तिथे संच थांबवून दोन वाक्ये सांगावीत, नकाशावर हिमालय दाखवावा, झाले. पण वेळ तर वाचवायचा होताच. किपलिंगमध्ये नाही, भूगोलात नाही, मुख्य कथा त्याच्यावाचून अडत नाही. मी कीचीला पहिल्या दोन शनिवारी ठेवले, कारण तो जिथे तिथे मोगलीच्या पायात असतो आणि काढू म्हटले तरी निघत नाही. पुढे मात्र त्याचे म्हणून जे प्रसंग होते ते सगळे काढले.

आता कानाची गोष्ट. तुम्ही आकाशवाणी ऐकणारी माणसे आहात, तुम्हांला हे लवकर पटेल. चित्र कोठेही कापा, डोळा फारशी तक्रार करीत नाही. मोगली झाडावर होता, आता नदीवर आहे. ठीक, गेला असेल. पण पाठीमागे बासरी वाजत असताना मध्येच तोडली आणि एकदम ढोल सुरू झाला, की शेवटच्या रांगेतले पोरसुद्धा दचकते. हिंदीत आणलेल्या मालिकेत बोलणे, वाद्ये आणि जंगलाचे आवाज एकाच पट्टीवर मिसळलेले असतात. बोलणे ठेवून वाद्य काढीन म्हटले तर ते सहजी जमत नाही. म्हणून मी डोळे मिटून ऐकत असे आणि कापायची जागा कानाने ठरवीत असे. एखादे वाक्य पुरे झाले, वाद्य विसावले, पाखराचा आवाज आला, की तिथे कात्री. यासाठी पुष्कळदा नको असलेली दहा-बारा सेकंदे पदरात घ्यावी लागली. ती घ्यावीत.

अशी तयार झालेली पहिली सव्वा तासाची फीत आम्ही पहिल्या शनिवारी लावली. मला तिचा अभिमान होता. कोठेही रेंगाळत नव्हती. शोध, पळापळ, झटापट, शेरखान, पुन्हा पळापळ. मुले डोळे फाडून बघत होती. सुरुवातीला शेरखान आला तेव्हा एकजण ओरडला, “हा गौताळ्यातलाच हाये!” त्याचेही चूक नव्हते. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये झाले, त्यात बिबटे आहेत हे या मुलांना चांगले ठाऊक आहे, आणि २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून चालत आलेला एक पट्टेरी वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. त्यामुळे वाघाची भीती कमी करावी म्हणून काही प्रसंग सौम्य करावेत, ही गुरुजींची आधीची सूचना त्यांनी स्वतःच मागे घेतली. संध्याकाळी शेळ्या घेऊन जंगलाच्या कडेने घरी येणाऱ्या पोराला वाघ सौम्य करून दाखविण्यात काय मतलब?

फीत संपली. मी विचारले, “काय, आवडली का?” सगळी हो म्हणाली. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, तिसरीतली असेल, हळूच म्हणाली, “सर, त्याची माय कुठं गेली?”

मला प्रथम प्रश्नच कळला नाही. कोणाची माय? ती म्हणाली, “मोगलीची. ती लांडगीण. ती सुरुवातीला होती. मंग कुठं गेली?”

मी घरी येऊन चिठ्ठ्या काढल्या. लांडगीण कोठेच गेली नव्हती. मीच तिला घालविली होती. तिचे प्रसंग असे: ती गुहेच्या तोंडाशी बसली आहे, ती पिल्लांना चाटते आहे, रात्र झाली, मोगली आला नाही, ती वाटेकडे पाहते आहे. माझ्या वहीत या प्रसंगांपुढे काही लिहिलेच नव्हते. नवे कोणी आले नाही, वस्तू आली नाही, वचन दिले गेले नाही. म्हणजे माझ्या हिशेबाने तिथे काहीच घडत नव्हते. शिवाय ती स्थिर चित्रे, वरून कॅमेरा सरकविलेला. काटकसरीची म्हणून मी वर ज्यांना नावे ठेवली तीच. ती मी पहिल्या झपाट्यात उडविली होती.

गुरुजींना दुसऱ्या दिवशी मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, त्या पोरीचे आईबाप पुढच्या महिन्यात निघतील. तिला ठेवायचं का न्यायचं, हे त्यांच्या घरात अजून ठरलेलं नाही. ती दुसरं काय बघणार?”

हाच मालिका मी शहरातल्या एखाद्या मंडळात दाखविली असती तर माझी पहिली फीत कदाचित उत्तम ठरली असती. तिथल्या मुलांना झुंज हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. पण मी कापायला बसलो तेव्हा गोष्टीचा विचार केला, वेळेचा केला, किपलिंगचा केला. सतरंजीवर बसून कोण पाहणार आहे, आणि पाहून कोठे जाणार आहे, हे मला ठाऊक असूनही मी ते वहीत धरले नव्हते.

आम्ही पुढच्या तीन शनिवारांच्या फिती पुन्हा केल्या. लांडगिणीचे पाव तासाचे प्रसंग परत घेतले. त्यासाठी माकडांशी झालेली एक झटापट आणि पळापळीचे दोन लांब तुकडे काढले. ते काढल्याचे कोणी विचारले नाही. वाटेकडे पाहणाऱ्या लांडगिणीचे चित्र पडद्यावर आठ-दहा सेकंद स्थिर राहिले तेव्हा वर्गात कोणी चुळबुळ केली नाही, हे मी मागे भिंतीला टेकून पाहिले. चित्र काढणाऱ्याने ते पैशाच्या ओढीने स्थिर ठेवले होते की मुद्दाम, हे मला सांगता येणार नाही. बघणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

अशी कापाकापी आपल्याकडे नवी आहे असे मात्र समजू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ चे. संगीत नाटके एके काळी रात्र रात्र चालत. आज तीच तीन तासांत बसवितात, आणि कोणते पद ठेवायचे यावरून मंडळींत अजून भांडणे होतात. त्याहून जुने उदाहरण हवे असेल तर मुलांना घेऊन आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याला जा. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राचे जातक रंगविले आहे. गोष्ट मोठी आणि भिंत ठरलेली. चित्रकाराने वनवासाची वाट फार दाखविली नाही. राजपुत्र घरातून निघतो, रथातून जातो, आणि मुले जुजक ब्राह्मणाच्या हवाली करतो, यांना त्याने जागा दिली. ताटातुटीला भिंत पुरविली. मी ते लेणे पूर्वी पाच-सहा वेळा पाहिले होते. या खटाटोपानंतर पाहिले तेव्हा प्रथमच मी त्याने काय काढले नाही ते शोधीत होतो.

कायद्याविषयीही दोन शब्द, कारण तुम्हांपैकी कोणी हे करायला घ्याल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे शाळेच्या कामाचा भाग म्हणून, फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेशी संबंधित माणसे यांच्यापुढे चित्रपट दाखविता येतो. गावभर पडदा लावून, तिकीट लावून किंवा कापलेली प्रत वाटून, मोबाइलवर पाठवून नाही; त्याला मालकाची परवानगी पाहिजे. याहून सोपी आणि निर्वेध वाट अशी की प्रत कापूच नये. एका वहीत नुसती वेळांची यादी करावी: भाग सातवा, चौथ्या मिनिटापासून अकराव्यापर्यंत दाखवा, पुढे सोडा, भाग आठवा पूर्ण सोडा. शिक्षकाने यादी समोर ठेवून कळ दाबत जावे. थोडे खडखडते, पण दोन सोडलेल्या भागांच्या मध्ये गुरुजींनी तोंडाने चार वाक्ये सांगितली की सांधा बेमालूम बसतो. आम्ही दुसऱ्या शनिवारपासून असेच केले. याचा आणखी एक फायदा आहे. वेरूळच्या कारागिराने चुकून छिन्नी मारली असेल तर तो दगड परत बसत नव्हता. यादीत चुकले तर खोडून दुसरा आकडा लिहिता येतो.

चौथ्या शनिवारी वर्गात एकतीसऐवजी बावीस मुले होती. दोन टोळ्या ठरल्यापेक्षा आधी हलल्या होत्या. ती तिसरीतली मुलगीही गेली होती. तिला नेण्याचे ठरले. आम्ही शेवटची फीत दाखविली. शेरखानशी शेवटची झुंज, आणि मोगलीला जंगल सोडून माणसांत जाण्याची वेळ. गुरुजींनी त्याच संध्याकाळी मुकादमाच्या मोबाइलवर फोन लावला. टोळी वाटेत कोठेतरी ट्रॅक्टर थांबवून भाकरी खात होती. त्यांनी त्या मुलीला फोनवर घेतले आणि उरलेली गोष्ट तोंडाने सांगितली. वीस तासांच्या मालिकेचा शेवट, तीन-चार मिनिटांत. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि त्यांनी काय ठेवले, काय गाळले ते मनात टिपत होतो. लांडगिणीचा निरोप त्यांनी सविस्तर सांगितला. झुंज एका वाक्यात उरकली.

सगळे ऐकून झाल्यावर पलीकडून थोडा वेळ ट्रॅक्टरचाच आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “आन् कीचीचं काय झालं?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मला उत्तर देता येईना, कारण कीचीच्या चिठ्ठ्या मी तिसऱ्या शनिवारपूर्वीच सतरंजीवरून उचलून ठेवल्या होत्या. “विचारून सांगतो,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री मी तबकड्या काढून कीचीचे सगळे प्रसंग पुन्हा पाहिले, आणि सकाळी गुरुजींना कळविले. त्यांनी फडावर फोन करून तिला सांगितले. पुढच्या वर्षाच्या यादीत त्याचे प्रसंग परत घातले आहेत. तेवढ्यासाठी काय काढायचे, ते अजून ठरलेले नाही.